पिशवीवरचा नंबर

मुकादमांच्या हाताला गुण आहे, हे पालिकेच्या उद्यान खात्यात पहारेकऱ्यापासून खातेप्रमुख मॅडमपर्यंत सगळे मान्य करायचे. वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटेल असा माणूस. मान्य नव्हतं ते फक्त त्यांच्या बायकोला. "घरातली एक कुंडी जगवून दाखवा, मग मिरवा," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरच्या कुंडीत कित्येक वर्षं नुसती माती होती आणि त्या मातीत ती कपड्यांचे चिमटे खोचून ठेवायची.

तर अशा माणसाच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, वारा नाही की वादळ नाही, चार वर्षांचं एक झाड आडवं झालं.

झालं असं, की टँकरवाला गाडी मागे घेत होता आणि मुकादम मागे उभे राहून हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करत होते. टँकरचा मागचा कोपरा झाडाला लागला. लागला म्हणजे काय, नुसता टेकला हो! मुकादम "थांब!" म्हणेपर्यंत झाड सावकाश कललं आणि फुटपाथवर निजलं. खोड मोडलं नाही, फांदी तुटली नाही. कुंडीतून रोप उपसावं तसं अख्खं झाड मुळासकट बाहेर आलं.

टँकरवाला उडी मारून खाली उतरला. "आईशप्पथ, मी काही केलं नाही मुकादम! नुसती टेकली गाडी!"

मुकादमांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. बारा फुटांचं झाड आणि खाली मुळांचा गोळा बादलीएवढा. नुसता बादलीएवढा नाही, बादलीच्याच आकाराचा, कारण त्याच्याभोवती अजून काळी प्लास्टिकची पिशवी होती. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. खालच्या भोकातून जी दोन-चार बाहेर पडली होती ती पेन्सिलीएवढी, आणि तीही आता तुटली होती. पिशवीच्या वरच्या काठावर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर लिहिलेला होता, ४०६३.

"झाड गेलं, पण नंबर बघा कसा ठणठणीत आहे!" टँकरवाल्याला आता जरा धीर आला होता. "अक्षर तुमचंच ना?"

अक्षर त्यांचंच होतं. तीनच्या आकड्याला खाली वाकडी शेपटी काढायची त्यांची जुनी खोड. मुकादम तिथेच फुटपाथच्या कडेला बसले.

आता ही पिशवी तिथे राहिली कशी, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल कुणीतरी कामचुकारपणा केला. तसं कुणी केलं नव्हतं. उलट डोकं चालवलं होतं, आणि तेच नडलं.

शहराने ठरवलं होतं की सावली वाढवायची. विमानातून सगळ्या शहराचा फोटो काढला, तर त्यात शंभरातले नऊच भाग पानांखाली दिसले. बाकी पत्रे, गच्च्या आणि डांबर. तेव्हा पाच वर्षांत नवाचे पंधरा करायचे, त्यासाठी अठरा हजार झाडं लावायची, आणि शेवटी पुन्हा वरून फोटो काढून बघायचं असा बेत होता. बेत चांगलाच होता, त्याला कोण नावं ठेवणार? प्रत्येक झाडाला नंबर, वहीत नोंद, सहा महिन्यांनी तपासणी. पहिल्या वर्षी नंबर पत्र्याच्या बिल्ल्यांवर होते, तारेने बांधलेले. तार लोकांनी नेली आणि बिल्ले पोरांनी खेळायला नेले. तपासनीस यायचा, झाड समोर डोलत असायचं, पण नंबर नाही म्हणून हा बाबा वहीत लिहायचा, 'मृत'. मुकादम हातापाया पडायचे. "अहो साहेब, मेलेलं कसं? हात लावून बघा की!" साहेबांचं एकच, "नंबर दाखवा." आणि वहीत मेलेल्या झाडाला टँकरचं पाणी बंद. पहिल्याच तपासणीत मुकादमांच्या टोळीची तीनशे जिवंत झाडं अशी कागदावर मेली, आणि उन्हाळा संपेपर्यंत खरोखरच मेली.

ती वाळताना बघून मुकादमांची झोप उडाली होती. तेव्हा त्यांना युक्ती सुचली. रोप येतं ते जाड काळ्या पिशवीत. ती फाडून टाकायचीच कशाला? बुडाला तेवढं भोक पाडायचं, म्हणजे मुळं खाली जातील, आणि पिशवीचा काठ मातीच्या वर चार बोटं ठेवून त्यावर रंगाने नंबर घालायचा. गाडलेली पिशवी कोण नेणार? मॅडम तेव्हा खात्यात नव्याने आल्या होत्या. त्यांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी परिपत्रकच काढलं, 'रोप लावताना पिशवी काढू नये'. सभेत मुकादमांना उभं केलं, टाळ्या वाजल्या. या माणसाने जन्मभर पिशवी फाडूनच रोपं लावली होती. बापाने हाताला धरून तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी ते सगळं शिक्षण कुठे गहाण पडलं होतं कोण जाणे. पुढची चौदा हजार झाडं पिशवीसकट लागली, आणि नंबर घालायला मुकादम रंगाचा डबा घेऊन स्वतः फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती पिशवीच घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. टेबलावर ठेवली तशी माती सांडली.

"चौदा हजार झाडं अशी आहेत, मॅडम. वरून हिरवी दिसतात. आत गळा आवळत चाललाय. माणसं द्या मला, एकेक झाड उकरून पिशवी कापतो. अजून काही वाचतील."

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पिशवी उलटीपालटी करून बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. परिपत्रकावर सही त्यांचीच होती ना!

"उकरल्यावर झाडाचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पानं टाकतं. महिना, दोन महिने. मग सावरतं. सावरलं तर."

"फोटो पाच आठवड्यांवर आलाय, मुकादम." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "चौदा हजार झाडांची पानं गळाली तर वरून काय दिसेल? फोटो होईपर्यंत एकाही झाडाला हात लावायचा नाही. नंतर मी वर लिहून देते."

"आणि वरून काय येईल?"

मॅडम हाताने टेबलावरची माती गोळा करत बसल्या. वरून काय येणार ते दोघांनाही ठाऊक होतं. मुकादम पिशवी उचलून बाहेर आले.

चौदा हजार झाडं आपल्याच्याने होणार नाहीत, एवढं मुकादमांना कळत होतं. पण शाळेमागच्या गल्लीत त्यांची एक्केचाळीस झाडं होती, त्यांच्या हातची, सगळ्या शहरात सगळ्यात देखणी. आणि त्यांतलं एक, ४११७, त्यांना आता डोळ्यांसमोरून हलेना. यंदा त्याची पानं बारीक आली होती आणि कडेने करपल्यासारखी दिसत होती. मुकादमांनी महिन्याभरापूर्वीच ते पाहिलं होतं आणि उन्हावर ढकलून दिलं होतं. आता त्याचा अर्थ कळला होता. ते झाड तरी वाचवायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं.

४११७ बाईंच्या खिडकीसमोर होतं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, कारण अर्धी गल्ली त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने खाटेला खिळले. खाट खिडकीपाशी, खिडकी पश्चिमेची, आणि दुपार झाली की खोलीची नुसती भट्टी व्हायची. पडदा लावला की त्यांचा जीव घाबरायचा, काढला की ऊन अंगावर. मुकादमांनी ते एकदा पाहिलं, आणि खड्ड्याची आखणी दीड हात सरकवून झाड बरोबर खिडकीसमोर आणलं. तिसऱ्या वर्षी सावली खाटेपर्यंत पोचली. यजमानांची वाचा गेली होती, पण डावा हात उठायचा. संध्याकाळी बाई बादली घेऊन बाहेर निघाल्या नाहीत तर ते हाताने खिडकीची चौकट वाजवायचे. आधी झाडाला पाणी, मग त्यांच्या तोंडात घास, असा त्या घराचा क्रम झाला होता.

मुकादमांनी रजा टाकली आणि सकाळी कुदळ-फावडं घेऊन ते ४११७ पाशी गेले. पहिली कुदळ पडली तशी खिडकीची चौकट ठकठक वाजायला लागली, आणि बाई पदर खोचून बाहेर आल्या.

"हे काय चाललंय मुकादम?"

इथे मुकादमांनी खरं बोलायला हवं होतं. बाईंनी ऐकलं असतं, शहाणी बाई ती. पण चार वर्षं ज्या माणसाला ती दर वेळी चहा पाजत आली, "तुमच्यामुळे यांचं जगणं सुसह्य झालं" म्हणत आली, त्या माणसाने तिला काय सांगायचं? की मीच याच्या गळ्यात फास घातलाय? लाज वाटली हो त्यांना. साठीला आलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखी लाज वाटली.

"काही नाही बाई. तपासणी आहे," ते म्हणाले.

"कुदळीने तपासणी?" बाईंचा आवाज वर्गातला झाला. "कागद दाखवा."

"कागद... कागद येतोय मागून."

"मग तोही येऊ दे आणि तुम्हीही मागूनच या. गाडीला जागा करायची असेल कुणाला, मला काय कळत नाही? झाडाला हात लावाल तर याद राखा!"

गल्लीच्या तोंडाशी पालिकेची पाटी होती, 'झाडाला इजा करताना कोणी आढळल्यास कळवा', आणि खाली फोन नंबर. ती पाटी मुकादमांनीच ठोकली होती. बाईंनी तो नंबर फिरवला. संध्याकाळपर्यंत मुकादमांच्या हातात मेमो पडला: रजेवर असताना, परवानगीशिवाय, पालिकेच्या वृक्षास इजा करण्याचा प्रयत्न. खाली मॅडमची सही.

बायकोने मेमो दोनदा वाचला. "जन्मभर झाडं लावली आणि झाडं मारल्याचा मेमो आणला! वा! भिंतीवर लावते."

मुकादम हसले नाहीत, तशी तिने मेमो बाजूला ठेवला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, टाळ्यांपासून पिशवीपर्यंत. ती ऐकत राहिली, हातातला टॉवेल घडी घालत आणि पुन्हा उलगडत.

"मग हेच तिला सांगा की," ती शेवटी म्हणाली. "तोंड दिलंय ना देवाने?"

"काय सांगू? मीच मारलंय म्हणून?"

"हो. तेच सांगा. आणि अहो, तुम्ही घरी खोटं बोलता तेव्हासुद्धा मला कळतं, ती तर शिक्षिका आहे."

पण मेमो अंगावर असताना पुन्हा तिकडे जायचं धाडस व्हायला बारा दिवस गेले. बारा दिवस मुकादम रोज त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, लांबून झाडाकडे बघायचे आणि परत फिरायचे. पानं पिवळी पडत होती. तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंचं दार वाजवलं, आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले, आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. ती पिशवी बरोबर नेली होती, ती दाखवली. नंबराचं अक्षर कुणाचं तेही सांगितलं.

खाटेवरून यजमान दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना किती समजलं, देव जाणे.

"त्या दिवशी का नाही बोललात?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"अहो, गणित चुकलं तर पोरं पान लपवतात, तसं केलंत तुम्ही." त्या उठल्या. रागावलेल्या वाटल्या, पण आतून पाण्याची बादली घेऊन आल्या. "चला. मी उभी राहते शेजारी. बघते कोण मेमो देतं ते. वाचेल ना?"

"पिशवी आणि खोड यांच्यात दोन बोटं जागा असली तर वाचेल," मुकादम म्हणाले, आणि ते खरं होतं.

खिडकी सताड उघडली होती. यजमानांना उशांना टेकवून बसवलं होतं, म्हणजे त्यांना दिसावं. मुकादमांनी कुदळ बाजूला ठेवली आणि खुरप्याने, मग नुसत्या हातांनी माती काढायला सुरुवात केली. आधी पिशवीचा काठ लागला. पिवळा नंबर लख्ख दिसत होता. मग काठाच्या आत बोट घालून त्यांनी जागा चाचपली.

बोट आत गेलं नाही.

त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं, तिसऱ्या बाजूने पाहिलं. खोड फुगून पिशवीला भिडलं होतं आणि एका बाजूला प्लास्टिक सालीच्या आत रुतलं होतं. माती आणखी काढली तेव्हा मूळ दिसलं, मनगटाएवढं, बुंध्याला दोन वेढे घालून स्वतःवरच आवळलेलं. मुकादमांचे हात थांबले. हे मूळ कापलं तर झाड आठवड्यात जाईल, उभंही राहणार नाही. नाही कापलं तर वर्षभर, फार तर दोन वर्षं ते आवळत राहील, आणि मग एखाद्या दिवशी कुणाचा हात लागला तरी आडवं होईल. तिसरी वाट नव्हती. चाळीस वर्षं या हातांनी झाडं जगवली होती, आणि आता त्या हातांना काही म्हणजे काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांना रडूच यायला लागलं. ते तसेच वाकून राहिले, म्हणजे बाईंना तोंड दिसू नये.

"काय झालं?" बाईंनी वरून विचारलं. "जागा आहे ना?"

खिडकीची चौकट वाजली. मुकादमांनी मान वळवून पाहिलं. यजमान डावा हात उचलून बादलीकडे दाखवत होते. त्यांच्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडले होते, कारण झाड विरळ झालं होतं.

"आहे," मुकादम म्हणाले. "आहे जागा बाई."

त्यांनी चाकू काढला आणि पिशवीचा जेवढा तुकडा हाताला येत होता तेवढा कापला, सालीबाहेरचा, ज्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं आणि सुधारतही नव्हतं. तो बाईंच्या हातात दिला. मग भराभर माती ओढली, पायाने दाबली, वर पाणी ओतलं. "झालं. आता महिनाभर पानं गळतील, घाबरू नका. मग येतील." घरी बायकोला कळतं तसं हे खोटं बाईंना कळेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. मनातून तशी आशाही वाटली.

पण बाईंना ते कळलं नाही. आपल्याला जे हवं असतं ते शिक्षिकेलाही खरंच वाटतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आत जाऊन यजमानांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "वाचलं हो! मुकादमांनी वाचवलं!" आणि यजमानांनी चौकट इतक्या जोराने वाजवली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मुकादम नळावर हात धुवायला गेले. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले, आणि तासभर तिथेच बसून राहिले. सरळ घरी जायचं आणि बायकोला सांगायचं, की या वेळी तोंड उघडूनही काही उपयोग झाला नाही, असं ठरवून ते फावडं घ्यायला परत आले.

तर बाईंच्या फाटकापाशी माणसं जमली होती. बाईंनी दारोदार जाऊन सांगितलं होतं, लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. समोरचा शिंपी आपली कुदळ घेऊन आला होता. कोपऱ्यावरची परिचारिका ड्यूटीवरून तशीच आली होती, गणवेशात. एका म्हाताऱ्याने बादली आणली होती, एकीने चहाची किटली. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता. राग असता तर मुकादमांना बरं वाटलं असतं.

"चूक कुणाच्या हातून होत नाही?" शिंपी म्हणाला. "तुम्ही येऊन कबूल केलंत, हेच खूप झालं. खणायला आम्ही लागतो. तुम्ही फक्त पिशवी कापा, ते काम तुमच्या हाताचं."

"आज पाच-सहा होतील ना?" परिचारिकेने विचारलं. "माझं आज घ्या हो मुकादम, उद्यापासून माझी दिवसाची ड्यूटी आहे."

"तिच्या आधी माझं," म्हातारा म्हणाला. "मला थांबायला वेळ कुठे आहे?"

सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांच्या हातात अजून तो काळ्या पिशवीचा तुकडा होता, आणि त्या तो येईल त्याला दाखवत होत्या.

मुकादमांनी गल्लीभर नजर टाकली. चाळीस झाडं उभी होती, दोन्ही बाजूंना, हिरवीगार. वरून फोटो काढला तर फार छान दिसली असती. यांच्यातही जागा उरली नसणार, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडही उघडलं. पण परिचारिका त्यांच्या हातात चहाचा कप देत होती, आणि आत यजमान चौकट वाजवतच होते.

त्यांनी चहा घेतला. कप परत दिला आणि फावडं उचललं.

"नंबर सांगा," ते म्हणाले.